उताण्या छत्र्या

आमच्या गल्लीत भर बारा वाजता एक माणूस डोक्यावर काळी छत्री धरून अंगणात बसतो आणि पुढ्यातल्या सुपात पांढऱ्या छत्र्या उन्हाला घालतो. छत्र्या उन्हात आणि माणूस छत्रीखाली. परभणीचं ऊन हिवाळ्यातसुद्धा बाराला टाळू शोधत येतं, त्यामुळे माणसाचं चुकलं असं म्हणता येत नाही. पण नवखा माणूस थबकतोच. मग छत्रीखालून आवाज येतो, "सावली पाडू नका, बाजूला व्हा!"

हे नरहरतात्या. सत्तरीला टेकलेले, हायस्कुलातल्या प्रयोगशाळेचे शिपाई म्हणून निवृत्त झालेले. सुपातल्या छत्र्या म्हणजे धिंगरी अळंबी. मागच्या खोलीत सोयाबीनच्या भुसाच्या पिशव्या टांगून तात्या ती पिकवतात. खेड्यात जिला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि लेकरांना हात लावू देत नाहीत, तिची ही शिकलीसवरलेली चुलतबहीण.

त्यांना 'छत्रीतात्या' हे नाव मी पाडलं. आज सांगताना लाज वाटते, पण पाडलं मीच, आणि गल्लीनं ते उचललं तेव्हा चारचौघांत मिशीत हसलोही.

तात्यांचा पहिला मंत्र, 'उतानं!' सुपातली प्रत्येक छत्री पाठीवर निजवायची, खालच्या बारीक चुण्या आभाळाकडं करून. पालथी दिसली की तात्या पालथं पडलेलं लेकरू सरळ करावं तशी दोन बोटांनी उलटी करतात. शेजारच्या एका बाईंनी एकदा भीतभीत सुचवलं, "तात्या, सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवा की. कशाला डोकं तापवून घेता?"

"कोवळं ऊन लेकराला, बाई. ह्याला बाराचंच पायजे. मानसाच्या कातडीवानी हाय ह्याचं. उनात ठिवलं की हाडाचं जीवनसत्त्व सोताच तयार करतंय. पण उतानं! पालथं ठिवलं तर काई उपेग न्हाई."

"आणि किती वेळ ठेवायचं?"

इथं तात्यांचा चेहरा पडायचा. तेच तर घोडं अडलेलं. कमी ठेवावं तर ताकद येत नाही आणि जास्त ठेवावं तर छत्री मान टाकते, मग ती टिकत नाही. निरोप समारंभात मिळालेलं गजराचं घड्याळ मांडीवर घेऊन तात्या कधी दहा मिनिटं, कधी वीस, कधी तीस असं बघत बसायचे. गजर झाला की सूप उचलून आत पळायचे, वाटेत चप्पल निसटली तरी थांबायचे नाहीत.

दुसरा मंत्र, 'घाम'. तोडल्यावरही अळंबी जिवंत असते, श्वास घेते, हे तात्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत वाचलं आणि तेव्हापासून प्लास्टिकची पिशवी हा त्यांचा जन्माचा वैरी झाला. कुणाच्याही घरी चहाला गेले की आधी फ्रिज उघडायचे. पिशवीत कोंडलेली मेथी दिसली की बाहेर काढून यजमानालाच दाखवायचे, "बघा, घाम आलाय बिचारीला!" बाजारात एका भाजीवाल्याच्या मशरूमच्या बंद पिशव्यांना त्यांनी खिशातल्या टाचणीनं भोकं पाडली. भाजीवाला खवळला.

"ओ काका, काय करायलात?"

"तू काय करायलास ते बघ आदी! कोंडून मारायलास त्येला!"

भांडण इतकं वाढलं की मला मधे पडावं लागलं. घरी येऊन मी त्याची हुबेहूब नक्कल केली. पाहुणे लोटपोट.

तात्या छत्र्या धूत नाहीत. धुतलं की सडतंय, म्हणतात. जुन्या धोतराच्या फडक्यात सैल गुंडाळून, मोठ्या माठात ओली वाळू आणि त्यात लहान माठ ठेवून त्याच्या पोटात जपतात. शिवाय नमुन्याची एक छत्री कायम सदऱ्याच्या खिशात. किती दिवस तग धरते ते बघायला. एका लग्नात आहेराचं पाकीट म्हणून त्यांनी नवऱ्या मुलाच्या हातात फडक्यातली छत्री ठेवली. नवरा मुलगा बघतच राहिला. तात्यांनी ती शांतपणे परत घेतली, उलटून पाहिली आणि म्हणाले, "चौथा दिवस. पोखर्णीच्या नरसिंहाची शप्पत, अजून कडक हाय!"

तर असे तात्या. खुळे ना? मीही तेच म्हणत होतो. आता हे खूळ कुणी लावलं ते सांगतो.

माझी आई अडीच वर्षांपूर्वी पडली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून ती आमच्या वरच्या खोलीत आहे. जिना अरुंद आणि खोलीचं तोंड उत्तरेला. डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झालीत, गोळ्या द्या, जमेल तसं ऊन द्या. गोळ्या मी दिल्या. उन्हाचं जमलं नाही.

तात्यांच्या बायको शांताकाकू ह्या आईच्या जिवाभावाच्या मैत्रीण. अळंबीचं प्रशिक्षण मुळात काकूंनी घेतलं होतं, बचतगटातल्या बायकांबरोबर. तात्या तेव्हा नुसते पिशव्या टांगायचे धनी. पहिली तोड निघाली तशी काकूंनी ती उन्हात घातली, स्टीलच्या डब्यात भरली आणि आमच्या जिन्याखाली येऊन मला हाक मारली. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना त्यांच्यानं व्हायचा नाही.

"सुधाकर, हे तुज्या मायला दे. तिला उनात येता येत न्हाई न? म्हून ऊनच डब्यात भरलंय बघ."

मी डबा उघडला आणि मला किळस आली. खरं तेच सांगतो. बायको माहेरी होती, तिच्यावर ढकलायचीही सोय नाही. 'आई कुठली खायला हे!' असं मी मनाशीच ठरवलं. आईला विचारलं नाही. सकाळी घंटागाडी आली, तिच्यात सगळं ओतलं.

डबा रिकामा परत देऊ नये, ही आपली रीत. मी त्यात मूठभर साखर घातली आणि काकूंच्या हातात दिला. त्यांनी विचारलं, "खाल्लं का रे मायनं?"

टाकून दिलं म्हणायची हिंमत नव्हती. आवडलं म्हणावं तर पुन्हा डबा आला असता. म्हणून मी मधला रस्ता काढला, "काकू, एका रात्रीत काळं पडलं हो. टाकावं लागलं."

काकूंचा चेहरा उतरला. "माजंच कुटं तरी चुकलं आसंल," म्हणाल्या आणि साखरेचा डबा घेऊन गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढं उन्हाळा लागताना काकू तापानं गेल्या. चार दिवसांत खेळ आटोपला. आईला खाली नेता आलं नाही. तिनं खिडकीतूनच हात जोडले.

पुढच्या हिवाळ्यात तात्यांनी पिशव्या टांगल्या आणि पुन्हा तोच डबा जिन्याखाली आला.

"म्हातारं मानूस, एका येळेला चार तुकडे खानार," तात्या मला समजावून सांगायचे. "म्हून टिकाय पायजे रे. आट दिवस तरी टिकाय पायजे. ह्या खेपंला बघ, किती दिवस ऱ्हातंय ते सांग."

आणि मी सांगायचो. डबा घंटागाडीत रिकामा करायचा, साखर घालायची आणि तोंडाला येईल ते ठोकून द्यायचं. "तात्या, दुसऱ्या दिवशी काळं पडलं." "तात्या, ह्या वेळी तीन दिवस टिकलं, पण कडा वाळल्या." मी कडा वाळल्या म्हटलं की तात्या उन्हाची मिनिटं कमी करायचे. मी चिकट झालं म्हटलं की फडकं बदलायचे. तो माठात माठ, ती टाचणी, ते खिशातलं फडकं, सगळं माझ्या थापांवर उभं होतं. मी खुर्चीत बसून थापा मारत होतो आणि तो म्हातारा बाराच्या उन्हात बसून त्या खऱ्या मानत होता. वर त्याला नाव पाडलं, तेही मीच!

गेल्या पौषातली गोष्ट. रविवार होता. मी दाढी करत होतो आणि जिन्यावर धापा ऐकू आल्या. तात्या! एका हातात डबा, दुसरा कठड्यावर. इतक्या दिवसांत ते कधी वर आले नव्हते. मी अर्ध्या फेसानं आडवा गेलो.

"तात्या, द्या इकडं, मी देतो आईला."

"हट! आज न्हाई." त्यांनी खिशातून फडकं काढलं, उलगडलं. आत छत्री, पांढरीशुभ्र. "आटवा दिवस! वीस मिंटं ऊन, मंग सावलीत गार करायचं, मंगच माठात. जमलं गड्या! आता खराब व्हायाचं नाव न्हाई. हे मी सोताच्या हातानं देनार मायला."

ते आत शिरलेसुद्धा. मी गालाला साबण घेऊन दारात उभा. आईनं डब्यात डोकावलं आणि एकदम हसली, लहान पोरीसारखी.

"अगं माय, छत्र्या! पेडगावला आमच्या बांधावर वारूळ होतं, तिथं निघायच्या. माजी आजी तव्यावर मीठ घालून द्यायची. किती वर्सांनी बघायलेय!"

"किती वर्सांनी?" तात्या हसले. "माय, दोन वर्सांपासून खायलात की तुमी."

"मी?" आई म्हणाली. "मला कोन दिलंय? दवाखान्यात भेटाय आली तवा शांता म्हनली होती, पाठवते म्हून. मी लय दिवस वाट बघितली. मंग ती गेली. इसरली आसंल बिचारी. गेलेल्या मानसाला काय नावं ठिवायची?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन कुठली दुभंगते? मी सगळं सांगितलं. घंटागाडी, साखर, काळं पडल्याची थाप, सगळं. सांगताना साबण वाळून गाल ओढत होता आणि तो पुसायचीही मला लाज वाटत होती.

मला वाटलं तात्या डबा माझ्या डोक्यात घालतील. घालायला हवा होता. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हंजी पैल्या बारीचं... शांतानं दिलेलं... ते काळं पडलंच न्हवतं?"

"नाही तात्या. चांगलं होतं. पांढरंशुभ्र."

तात्या आईच्या खाटेच्या कडेवर टेकले. "तापात बी तेच धरून बसली होती," ते म्हणाले. "माजी तोड चुकली का, का ऊन जास्त झालं, का डबा वला होता. मी म्हनलो, तू बरी हो, मी हुडकून काडतो कुटं चुकलं ते. दोन वर्सं हुडकायलोय." त्यांनी हातातली आठव्या दिवसाची छत्री उलटीपालटी करून पाहिली. "कुटंच चुकलं न्हवतं तर. तिची तोड बराबर होती."

आणि तो माणूस हसला हो! डोळे गळत होते आणि हसत होता. माझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. रागावले असते तर मला बरं झालं असतं.

आई मात्र माझ्याकडं बघत होती. "मला इचारलं आसतं तर, सुधाकर?" एवढंच म्हणाली.

मी तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात गेलो. तवा ठेवला, तेलाचं बोट फिरवलं, मीठ घातलं. आईनं चार तुकडे खाल्ले. मग आणखी चार मागितले. तात्या समोर बसून तिचा घास न् घास बघत होते. डब्यातलं सगळं संपलं.

मी डबा घासला, पुसला, आणि सवयीनं साखरेच्या बरणीला हात घातला. तात्या दारातून ओरडले, "साखर घालू नको!"

मी वळलो.

"रिकामा दे आज," ते म्हणाले. "शांताला सांगायचंय, डबा रिकामा आला म्हून."

मी डबा रिकामाच त्यांच्या हातात दिला.