खोलीतली दुसरी बाई

"मावशी, तुमच्याबद्दल तक्रार आलीये," व्यवस्थापक दारातूनच म्हणाला. "तुमच्या खोलीत आणखी कोणीतरी राहतं म्हणे."

मावशी म्हणजे टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरबाई. नवरा गेल्यावर त्या इथे राहायला आल्या. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांसाठीच बांधलेली इमारत. भाडं परवडणारं, बाथरूममध्ये धरायला दांडी, आणि नियम एकच पण कडक: एका खोलीत एकच माणूस. नियम मोडला की खोली गेली.

"कोण राहणार? मी एकटीच तर आहे."

"दुपारी दोन बायकांचं बोलणं ऐकू येतं. कधीकधी भांडणही."

ऑपरेटरबाईंची कानशिलं तापली. उभी नोकरी बोलण्यात गेलेली, आणि इथे दिवस दिवस तोंड उघडायची वेळ येत नव्हती. म्हणून त्या स्वतःशीच बोलू लागल्या. पुढे नुसतं एका बाजूने बोलण्यात राम वाटेना, तेव्हा त्या उत्तरंही देऊ लागल्या, जरा जाड आवाजात. ही जाड आवाजाची बाई हळूहळू भलतीच हेकट निघाली. ती ऑपरेटरबाईंचं काहीएक ऐकून घेत नसे.

आता हे सांगावं, तर हा माणूस डॉक्टरला बोलावणार. न सांगावं, तर खोली जाणार.

"बहीण आलीये माझी," त्या म्हणाल्या. "पाहुणी म्हणून."

"मग काही हरकत नाही. पाहुण्यांना परवानगी आहे. फक्त एकदा भेटून घेतो."

"ती आंघोळीला गेलीये."

व्यवस्थापकाने बाथरूमच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे आंघोळ झाली तिची. शेजारी गेलीये बसायला."

"शेजारी? त्यांच्याकडे कोणी बसायला जातं?" असं म्हणत तो शेजारच्या दाराशी पोहोचलासुद्धा.

शेजारी निवृत्त ग्रंथपालबाई राहत. लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे ऑपरेटरबाईंची त्यांच्याशी ओळख नव्हती. आता सगळं संपलं, असं समजून त्या मागोमाग गेल्या. दार उघडलं.

"यांची बहीण तुमच्याकडे आहे ना?" व्यवस्थापकाने विचारलं.

ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून ऑपरेटरबाईंचा पडलेला चेहरा पाहिला.

"आहे की. डोकं दुखतंय म्हणून जरा पडलीये. हळू बोला."

व्यवस्थापक एकदम कुजबुजायला लागला. काळजी घ्यायला सांगा, म्हणाला आणि चवड्यांवर चालत निघून गेला.

ग्रंथपालबाईंनी ऑपरेटरबाईंना आत घेतलं. खोलीत खुर्ची एकच होती आणि ती दोघींच्या खोल्यांमधल्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेली. तिच्यावर पाहुणीला बसवून त्या स्वतः पलंगावर टेकल्या.

"तक्रार मीच केली होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही? आमचा आवाज फार होतो का?"

"आवाजाचं काही नाही. तुमच्याकडे रोज गप्पा रंगायच्या आणि मी इथे बसून ऐकायची. परवा फार राग आला. तुम्हाला बोलायला माणूस आहे, याचाच. तो नुसती समज देईल असं वाटलं होतं. पण तुमचा चेहरा बघितला आणि..." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खोली गेली असती ना तुमची?"

"गेली असती."

"आता बोलवा की बहिणीला. मी माफी मागते त्यांची."

ऑपरेटरबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. "बहीण नाहीये मला. दोघी मीच."

"त्या जाड आवाजाच्या बाईसुद्धा?"

"त्यासुद्धा."

ओळखीचं कोणी गेल्याची बातमी यावी, तसा ग्रंथपालबाईंचा चेहरा झाला.

"मला त्या आवडायच्या," त्या म्हणाल्या. "त्यांचंच बरोबर असायचं."

यावर काय म्हणावं, ते ऑपरेटरबाईंना कळेना. समोर खरं माणूस बसलं होतं आणि शब्द सुचत नव्हता. स्वतःशी बोलताना एवढी पंचाईत कधी झाली नव्हती. ग्रंथपालबाईंनाही काही सुचत नसावं. दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आता उठावं, असं ऑपरेटरबाईंच्या मनात आलं.

"पडद्यांचं काय ठरलं?" ग्रंथपालबाईंनी विचारलं. "काल तुम्ही वाद अर्धाच सोडलात. मी संध्याकाळपर्यंत वाट बघितली."

"धुवायला काढायचं ठरलं."

"चुकलं," ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि पलंगावर पाय वर घेऊन नीट बसल्या.