पाठराखीण बुधाजी

आमचा बुधाजी कुणाच्याही घरी गेला की आधी मोरी बघतो. घरधनी समोर बसलाय, पाण्याचा तांब्या आलाय, गूळ आलाय, आणि हा मागच्या दारी मोरीवर वाकलेला. मोरी ओली असली, सांडपाण्यावर अळूची चार पानं हलत असली, तर येऊन मांडी घालतो. कोरडी असली तर टोपी सावरतो आणि बोलतो, "येतो आमी."

"घर आधी बोलतं, माणसं मागाहून." हे त्याचं पालुपद. ओली मोरी म्हणजे नांदतं घर. कोरडी मोरी म्हणजे तिथे काहीतरी सुकलंय.

धसईच्या अलीकडे आमचं गाव. गावात कुणाची मुलगी द्यायची झाली की घर बघायला बुधाजीला नेतात, ही आमच्या लोकांची अक्कल. त्याने जमवलेली लग्नं सगळे सांगतात, मोडलेली मी सांगतो. माझ्या पुतणीला सिद्धगडाच्या पायथ्याचं स्थळ आलं होतं. चांगलं खातंपितं घर, दारात म्हशी. हा मागच्या दारी जाऊन आला आणि बोलला, "बाया पानी आनतात किती लांबून, ते विचारा." मोडलं! पुतणी पुढे दुसरीकडे दिली, सुखात आहे, पण तो प्रश्न वेगळा.

मी त्याचा शेजारी. आमची भिंत एक. मला पुतण्याच्या घरून ताट येतं, विहिरीवर अंघोळ होते, म्हणजे मला काही कामधंदा नाही असं त्याने धरून ठेवलंय. कुठे जायचं झालं की आधी माझ्या ओट्याशी येऊन हाक. "गोमा, टोपी घाल रे."

त्या वर्षीही अशीच हाक आली. भर उन्हाळ्याचे दिवस, शाळांना अजून सुट्टी लागायची होती. "टोपी घाल. स्थळ बघायला जायचंय."

"कोनासाठी?"

"सोनीसाठी."

सोनी म्हणजे त्याची नात. वय साडेतीन. अजून चड्डीचं बटण लावता येत नव्हतं तिला. मी बोललो, "बुध्या, उन्हानं डोकं फिरलं का तुझं?"

मग कळलं ते असं. बुधाजीची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही मुरबाडला कंपनीत. सकाळची एस्टी धरायची, संध्याकाळी परतायचं. दिवसभर सोनी आणि म्हातारा. आता मुलाने ठरवलं होतं की जून लागला की पोरीला मुरबाडच्या इंग्लिश नर्सरीत घालायची. येताजाता ती आईबापाबरोबर. म्हाताऱ्याने अट घातली, मी बघितल्याशिवाय नाय.

"सकाळी जानार, दिवसभर परक्याच्या दारात ऱ्हानार," बुधाजी बोलला. "नांदायला पाठवनं आनि काय वेगळं असतं रे?"

मी टोपी घातली. पण रागाने घातली.

मुरबाडची ती नर्सरी बाहेरून बघाल तर जत्रा. भिंतीवर बदकं, ससे, टोपी घातलेलं अस्वल. आत गेलो तर टेबलाच्या पलीकडे एक बाई. आमच्या धोतरांकडे तिने असं बघितलं की जणू आम्ही कोंबड्या विकायला आलोय. आधी मला विचारते, "किती शिकलात?" पोर घालायची साडेतीन वर्षांची आणि परीक्षा माझी! मी सांगितलं, "दुसरी पास. तिसरीत मास्तराशी भांडलो. चूक मास्तराची होती."

तिने वहीत काही लिहिलं नाही.

तोवर बुधाजी मोरी शोधायला गेला होता. त्याचा आवाज आतून आला, "गोमा, हिकडं ये!" गेलो. चकचकीत लाद्या, नळ चार, आणि सगळं कोरडं ठाक. बुधाजीने लादीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला धूळ.

"सकाळपास्नं यवढी पोरं हायत. कोनी पानी प्याला नाय? कोनी हात धुतला नाय?"

बाई मागोमाग आली. "बाबा, मुलं पाणी सांडतात. म्हणून नळ शाळा सुटायच्या वेळीच सोडतो."

वर्गात डोकावलो. पोरं ओळीत बसलेली, ओठावर बोट ठेवून. एवढीशी पोरं आणि एकाचाही आवाज नाही! माझ्या गोठ्यातली जनावरंसुद्धा याहून जास्त बोलायची. एक पोरगं मात्र दाराशी बसून हुंदके देत होतं. बुधाजीने विचारलं, "त्याला काय झालं?"

"नवीन आहे. आठवडाभर रडेल, मग गप्प होईल."

"गप होईल, का रमंल?" बुधाजीने विचारलं.

बाईने घड्याळ बघितलं. मग बुधाजीने आपला शेवटचा प्रश्न काढला. "पाठराखीन चालंल का?"

आता आमच्याकडे नवी नवरी सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी आत्या नाहीतर मावशी चार दिवस बरोबर राहते. नवरी रुळली की पाठराखणीला साडीचोळी देऊन मानाने मागारी पाठवतात. रीत आहे ही. उलट्या काळजाच्या सासूनेसुद्धा कधी पाठराखीण दारातून हाकलल्याचं मी ऐकलं नाही. आणि ही बाई बोलते, "पालकांना गेटच्या आत परवानगी नाही. मुलांची सवय मोडते."

माझं टाळकंच सरकलं. मी बोललो, "बाई, अठरा वर्षांच्या घोडीला पाठराखीन लागते, आनि या साडेतीन वर्षांच्या जिवाला नको? कायदा कोनाचा हा?" बुधाजीने मला हाताला धरून बाहेर आणलं. मी रस्ताभर बोलत होतो. एस्टीतही बोलत होतो. कंडक्टरने सांगितलं, बाबा, गप्प बसा. म्हणजे तोही त्याच नर्सरीतला.

मग धसईला एका घरात चालणारा बालवर्ग बघितला. तिथे मोरी ओली होती, मी बोललो, झालं एकदाचं. पण घरातलं कुत्रं सुटलेल्या पोरांना बघून शेपूट घालून गाडीखाली घुसलं. बुधाजी टोपी सावरत उठला. "पोरांना भिनारं कुत्रं हाय. म्हंजे इथली पोरंपन मार खाऊन मारायला शिकल्येत. येतो आमी."

दोन दिवस गेले, दोन टोप्या घामाने भिजल्या. शेवटी मी त्याच्या दारात उभा राहून ओरडलो, "अरे बुध्या, हाकेवर समाजमंदिरात आंगनवाडी हाय! गावाची पोरं तिथं जातात. ती बघायला तुझे पाय मोडलेत का?"

तो जमिनीकडे बघत बसला. आणि मग मला आठवलं.

आंगणवाडीची बाई सुनंदा. ही सुनंदा मुलगी असताना बुधाजीच्या पुतण्याला सांगून आली होती. बुधाजी घर बघायला गेला आणि तिच्याकडे पाण्याच्या हंड्यावर झाकण नाही म्हणून नकार देऊन आला. तीच सुनंदा पुढे आमच्याच गावात दुसऱ्या घरी सून म्हणून आली. तेव्हापासून ती समोरून आली की हा ओहोळातून जायचा.

"मंग पोर मुरबाडला धाडनार, पन तोंड दाखवनार नाय?" मी बोललो. "चल. टोपी घाल." या वेळी हाक माझी होती.

समाजमंदिराच्या दारातच चिखल. आत कालवा असा की कावळे उडून जावेत. सुनंदाने आम्हाला बघितलं, उठली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी आणून बुधाजीपुढे धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "घ्या बुधामामा. झाकन हाय हो माठावर."

बुधाजीने मान खाली घालून तांब्या रिकामा केला. मला हसू आलं, ते मी सोडलं नाही.

बोलता बोलता एक शेंबडं पोर तिच्या मांडीला येऊन टेकलं. तिने न बघताच पदराने त्याचं नाक पुसलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. बुधाजीने ते बघितलं. मागची मोरी बघायला तो गेलाच नाही; मोरीचं पाणी ओल्या पावलांनी वर्गभर आलंच होतं.

त्याने चाचरत विचारलं, "पाठराखीन..."

"बसा की," सुनंदा बोलली. "पन आमच्याकडं पाठराखीन बसून खात नाय. खिचडीचे तांदूळ निवडायला लागतील."

मुलाची समजूत घालायला बुधाजीला पाच-सहा रात्री भांडावं लागलं. मी भिंतीपलीकडून माझ्या परीने मदत केली. जून लागला आणि सोनी बुधाजीचं बोट धरून आंगणवाडीत गेली. कोपऱ्यात सूप घेऊन सत्तरीचा म्हातारा, शेजारी नात. गाव हसलं. पारावरचे विचारायचे, "काय पाठराखीनबाई, नवरी रुळली का?" मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाऊस पडत होता, भाताच्या लावण्या चालू होत्या, आणि बुधाजी पोरांबरोबर हात हलवून बेडकाचं गाणं बोलायचा. मुरबाडच्या त्या बाईने येऊन बघायला पाहिजे होतं.

मग एक दिवस भर सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. डोक्यावर कोरी टोपी, मांडीवर नारळ.

"हे काय?"

"मागारी पाठवला." त्याने नारळ फिरवला. "सोनी दारातच बोलली, आजोबा, पाठराखीन मागारी जाते, तूच सांगितलंस ना. आनि आत पळाली. मागं बघितलं पन नाय. सुनंदानं नारळ दिला. साडी कशी देनार, म्हून टोपी."

"रमली म्हन की."

"रमली."

आणि परत नारळ फिरवायला लागला. मला अशी नारळ फिरवणारी माणसं आवडत नाहीत. बोललो, "मंग घरी जा. जेवन कर."

"जातो." पण उठला नाही. "घर बोलत नाय रे आता."

मला रागच आला. बोललो, "बस मंग हितं. पन एक सांगून ठेवतो, माझी मोरी बघायची नाय."

"बघून झाली," तो नारळाकडे बघत बोलला.

"कधी?"

"तुझी कारभारीन गेली त्या वर्षी. तवापास्नं कोरडी हाय. उगाच नाय तुला टोपी घालायला लावत."

भिंत एक असली म्हणून माणसाने काय काय बघावं याला काही मर्यादा? मी उठलो. चूल पेटवली, दोन कप चहा टाकला, आणि चहा झाल्यावर ते कप आत नेऊन मोरीत विसळले. दोन तांबे पाणी जास्तच ओतलं.