शुभेच्छुकांच्या जागा शिल्लक आहेत

ठप. ठप ठप.

सगळं घर श्वास रोखून बसलेलं असताना रूपाबाईंनी रिमोट तळहातावर आपटला. साडेआठच्या मालिकेत कावेरी नयनचा हात धरून काहीतरी सांगणार होती आणि नेमका तेव्हाच टीव्हीचा आवाज गेला होता. आपटल्यावर तो आला. कावेरी म्हणाली, "मला तुझ्याबरोबरच संसार करायचाय." रूपाबाईंनी डोळ्याला पदर लावला, त्यांच्या यजमानांनी, अमृतरावांनी, उगीच घसा खाकरला, आणि सून गुंजन मांडीवरच्या लेकीला, आकांक्षाला, थोपटत राहिली.

माणूस जन्मतो दवाखान्यात, पण तो आहे हे सिद्ध होतं चौकात. आखाडा बाळापुरात हे लेकरालाही ठाऊक आहे. ज्याचा बॅनर लागला तो आहे. ज्याचा लागला नाही त्याच्याबद्दल खात्रीनं काही सांगता येत नाही. बॅनरची रीतही ठरलेली आहे: वर उत्सवमूर्तीचा मोठा फोटो (शक्यतो मोबाईल कानाला लावलेला, पलीकडं कुणी नसलं तरी चालतं) आणि खाली ओळीनं गोल, त्यांत शुभेच्छुक. शुभेच्छुकांशिवायचा वाढदिवस गावात धरला जात नाही. गेल्या पोळ्याला अमृतरावांच्या पाखऱ्या बैलाचा बॅनर लागला, त्यावर एकोणचाळीस शुभेच्छुक होते. (त्यांतल्या दोघांना पाखऱ्यानं पूर्वी शिंगावर घेतलं होतं. ते मोठ्या मनाचे निघाले.)

हे बॅनर शिला आणि मंजुषा छापतात. गुंजनच्या घराला लागून त्यांचं दुकान, दुकानामागं त्यांचं घर. शिला शिडीवर चढून बॅनर बांधते, मंजुषा खाली शिडी धरून "झालं गं, उतर आता" म्हणत राहते. त्यांचं नातं काय, यावर गावात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. निम्म्या गावाच्या मते त्या मावसबहिणी. पाव गावाच्या मते नणंद-भावजय. (नणंद-भावजय इतकी वर्षं इतक्या गोडीनं नांदतील, यावर मात्र कुणी शंका घेतलेली नाही.) उरलेलं पाव गाव समजून आहे, म्हणून गप्प आहे.

गाव मागासलेलं मात्र नाही. मालिकेत कावेरी आणि नयन या दोघी पहिल्यांदा जवळ आल्या त्या आठवड्यात रूपाबाई चॅनेल बदलत. दुसऱ्या आठवड्यात त्या पाणी प्यायला उठत. तिसऱ्या आठवड्यापासून तांब्या अगोदरच भरून शेजारी ठेवू लागल्या. पुढं कावेरीचा बाप लग्नाला आडवा आला, तेव्हा रूपाबाई टीव्हीकडं बोट करून म्हणाल्या, "मुडद्या, लेकराच्या सुखाच्या आड काहून येऊन राहिला?" त्यांनी सोमवार धरले. कावेरी-नयनचं लग्न ठरलं त्या दिवशी महिला मंडळानं पेढे वाटले आणि चौकात वीस फुटी बॅनर लावला: 'चि. सौ. कां. कावेरी व चि. सौ. कां. नयन यांना शुभविवाहाच्या हार्दिक शुभेच्छा.' खाली बावन्न शुभेच्छुक. पहिल्या गोलात रूपाबाई, सातव्यात गुंजन. गोल कमी पडले म्हणून दोन बायांत अबोला झाला, तो अजून आहे.

बॅनर शिलानं बांधला. मंजुषानं शिडी धरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिला रूपाबाईंकडं आली.

"काकू, एक फोटो पायजे होता. शुभेच्छुकात टाकायला."

"कोणाचा वाढदिवस हाय?"

"आमचाच. माझ्या अन् मंजूच्या संसाराला बारा वर्षं होऊन राहिले रविवारी."

रूपाबाईंनी चहा टाकला. साखर जरा जास्तच घातली.

"बारा झाले व्हय? दिस कसे जातेत बघ. छापा की, झोकात छापा. निस्तं माझं थोबाड नका टाकू त्याच्यावर. बाकीच्यायचे येऊ द्या, मंग बघू."

खरं तर दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या गावाचे फोटो पडून होते, गॉगलवाले वेगळे आणि बिनगॉगलवाले वेगळे. पण विचारल्याशिवाय कुणाला शुभेच्छुक करायचं नाही, असा मंजुषाचा नियम होता. (पंचक्रोशीत हा नियम पाळणारं दुसरं दुकान नाही.) म्हणून त्या दोघी घरोघर फिरल्या. सगळीकडं चहा मिळाला. कुणी वाईट बोललं नाही. पहिलीनं दुसरीचा येऊ द्या म्हटलं, दुसरीनं तिसरीचा, आणि शेवटच्या घरानं पहिलीचा. अशा रीतीनं गावाचा पाठिंबा एकमतानं जाहीर झाला. फक्त तो कुणा एकाकडं सापडेना.

अमृतरावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "लय तकलीफ असंल तर आमच्या पाखऱ्याचा टाका. त्याला काई समाज न्हाई."

गुंजन भाकरी थापता थापता हे ऐकत होती. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा पुण्यात कंपनीत होता (अजून तिथंच आहे). शिलानं बॅनरची व्हॅन काढली, मंजुषानं हिंगोलीपर्यंत तिचा हात धरला. मंजुषाच्या मनगटावर तिच्या नखांचे वण अजून दिसतात. आकांक्षा ते बोटानं मोजते आणि मंजुषा तिला सांगते, "तू येऊन राहिली होती ना, त्याचा हा रस्ता हाय."

शनिवारी, लेकरू झोपल्यावर, गुंजननं मोबाईलमधला त्यातल्या त्यात बरा फोटो शोधला आणि मंजुषाला पाठवला. खाली लिहिलं, 'पहिल्या गोलात टाका.'

रूपाबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "टीव्हीतल्या बाया मुंबईच्या. त्यायला गावात ऱ्हायचं न्हाई. ह्यायला ऱ्हायचंय." मग एक खडा बाजूला काढून, "आन् तुला बी."

गुंजननं फोटो डिलीट केला. समोरच्याच्या मोबाईलमधूनही पुसायची सोय असते, ती वापरली. वाचल्याच्या खुणा तोवर निळ्या झाल्या होत्या. थोड्या वेळानं मंजुषाचा मेसेज आला: 'अक्कूचा खोकला कसा आहे?'

रविवारी सकाळी बॅनर लागला. वर शिला आणि मंजुषा, दोघींचे मोबाईल खाली ठेवलेले, एकमेकींकडं बघणाऱ्या. खाली सात गोल. दुसऱ्यात पाखऱ्या, झूल घातलेला, प्रसन्न. बाकीचे सहा पांढरे. पहिला गोल इतरांपेक्षा जरा मोठा होता, त्याच्या कडेला कुणीतरी बारीक फुलांची नक्षी काढली होती.

गाव बॅनरखालून गेलं. सगळ्यांनी वाचला, छपाई चांगली आहे असं मत दिलं आणि आपला फोटो नाही ना याची खात्री करून घेतली. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची इच्छा असल्यास जागा आहेत. पासपोर्ट आकाराचा फोटो चालेल. बाकीच्यांचे आल्यावर देतो म्हटलं, तरी दुकानात कुणी रागावत नाही.)

आईबरोबर किराणा आणायला जाताना आकांक्षा बॅनरपाशी थांबली. शिला सैल झालेली दोरी आवळून शिडीवरून उतरत होती, मंजुषानं शिडी धरली होती. दोघींनी हात हलवले. आकांक्षानंही हलवला. मग तिनं पाखऱ्या ओळखला आणि खूष झाली. मग एकेका पांढऱ्या गोलाकडं बोट करत गेली, आणि नक्षीच्या गोलापाशी येऊन तिनं आईचा पदर ओढला.

"आई, याच्यातली माणसं कुठं गेली?"