अंग न झाडणाऱ्या बोकडाची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे चरणीं मस्तक ठेवून, बोलके आणि मुके या उभय जीवांस वंदन करून लिहिलें ऐसें जे:

शके सोळाशें एकोणपन्नास, प्लवंग नाम संवत्सरीं, आश्विन शुद्ध नवमीस एका राज्यांत नवल वर्तलें. तेथील कुळाचार ऐसा कीं, देवीपुढें बोकड उभा करावा, त्यावर तीर्थ शिंपावें, आणि त्यानें अंग झाडिलें म्हणजे त्याची संमति जाहली ऐसें मानून मगच वार करावा. संमतीवांचून वार केलिया देवीचा कोप. वाराचा मान सरनौबत हणगोजीराव यांचा, आणि बोकड पोसावयाचें काम सुभाना धनगराचें. सुभानानें तो पोटच्या पोराप्रमाणें वाढविला, लाडोबा ऐसें नांव ठेविलें, आणि देवीपुढें मळका जाऊं नये म्हणून नित्य प्रातःकाळीं त्यास स्नान घालीत गेला, आणि लळा ऐसा जडला कीं नवमी जवळ येतां सुभानास अन्न गोड लागेना.

मग नवमी उजाडली. महाराज उपोषित, मानकरी उपोषित, आणि मुदपाकखान्यांत वाटलेल्या मसाल्याचा गंध देवळापर्यंत येऊन थोरथोरांचें चित्त चळवूं लागला. गुरवानें तीर्थ शिंपिलें. लाडोबा डोळे मिटून उभा. पुन्हा शिंपिलें, तों त्यानें मान पुढें केली. मग घागर ओतिली, आणि लाडोबा सुखावून रवंथ करूं लागला. हणगोजीरावांचा उगारलेला हात अवघडला. ते बोलिले, "अरे गुरवा, तीर्थ घालतोस कीं अभ्यंगस्नान? येथें पोटांत कावळे कोकलताहेत!" गुरव म्हणाला, "राव, सात घागरी रित्या केल्या. आतां नदीच उचलून आणूं काय?"

मग महाराजांनीं सुभानास पुढें बोलाविलें आणि पुसिलें, "सुभाना, हा तुवां वाढविला. हा अंग कशानें झाडील?" कानांत फुंकर घातली कीं लाडोबा शिंगांपासून शेपटापर्यंत थरारतो, हें त्या एकासच ठाऊक. खोटें बोलावें तर देवी समोर, आणि खरें बोलावें तर लाडोबा जातो. मग दंडवत घालून तो बोलिला, "म्हाराज, कानात फुंकलं की झाडतोय. पाण्याला न्हाई झाडायचा. रोज म्या न्हाऊ घातलं, त्याला वाटतंय लाडच चाललाय."

हणगोजीराव हर्षून बोलिले, "मग फुंक कीं रे! मुहूर्त पाहतोस काय?"

सुभाना म्हणाला, "फुंकतो, धनी. पर मग ती संमती माझी हुईल, त्येची न्हवं. आन् म्या तर द्येत न्हाई."

सभा चपापली. महाराज मात्र मोकळे हंसून बोलिले, "राव, पिढ्यान्‌पिढ्या आम्ही थंड पाण्याची हुडहुडी संमति म्हणून घेत आलों. आज प्रथम कोणी खरें उत्तर दिधलें, आणि तें 'नाहीं' ऐसें आहे." मग कोहळा आणविला, त्यावर वार जाहला, आणि आज्ञा जाहली कीं, मांस कोणास वर्ज्य नाहीं, परंतु ज्यास खावयाचें त्यानें तें जनावर वर्षभर स्वहस्तें पोसावें, न्हाऊं घालावें, आणि मग खुशाल जेवावें. हणगोजीराव बोलिले, "एवढेंच ना? पोसतों!" आणि त्याच सायंकाळीं एक करडूं काखेंत घेऊन घरीं गेले.

मग संवत्सर पालटलें, आणि पुन्हा नवमीस महाराजांनीं पुसिलें, "कां राव, रस्सा केव्हां?" राव भूमीकडे पाहून बोलिले, "महाराज, अजून थोडें रोड आहे. पुढील वर्षीं पाहूं." वस्तुतः तें इतकें माजलें होतें कीं रावांची गादी त्यानें व्यापिली, आणि राव चटईवर निजत असत.

सारांश, त्या राज्यांत मांस बंद जाहलें नाहीं. खाणारे मात्र थोडके राहिले, आणि जे राहिले ते ताटास हात जोडून, आपण कोणास जेवितों हें जाणून जेवूं लागले. लाडोबा पिकल्या दाढीनें, आपले वेळेस, सुभानाचे मांडीवर कैलासवासी जाहला. इति.