शिक्षण परिषदेतली पोटदुखी

खर्चे सर दशांशचिन्ह होतात. म्हणजे वर्गात दोन पोरांना तीन आणि पाच करून शेजारी उभं करतात आणि स्वतः त्यांच्या मधोमध फरशीवर उकिडवे बसतात. मग टुणकन उडी मारून तीनच्या पलीकडे जातात आणि ओरडतात, "पाहा बे, संख्या कशी लहान झाली!"

मोताळ्याजवळच्या त्यांच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि राहायलाही त्यांच्याच घरी, वरच्या खोलीत आले. खाली सर एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा मंगेश पुण्याला. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, त्यात मी कमी बोलणारी. आणि सर वाक्य अर्ध्यावर सोडून अभिनयावर येणारे. एकदा ते जिना चढून माझ्या दारात आले, गाल आत ओढले, हात लोंबकळत सोडले आणि पोकळ आवाज काढू लागले. मी घाबरून "थँक्यू सर" म्हटलं. टाकीतलं पाणी संपलंय हे मला अंगाला साबण लावल्यावर कळलं.

"सर, नुसतं सांगायचं ना," मी नंतर म्हटलं.

"सांगून काय होते मॅडम? करून दाखवा लागते."

कोरोनात शाळा बंद झाल्या, पण शिक्षण परिषद बंद झाली नाही. आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा जमून वर्गात काय नवं केलं ते एकमेकांना सांगायचं, त्याला आमच्यात शिक्षण परिषद म्हणतात. ती आता मोबाइलवर भरू लागली. मी वर माझ्या खोलीत कॅमेरा बंद करून ऐकत असे. सर खाली त्यांच्या ओसरीत.

त्या दिवशी सरांचा विषय होता पचनसंस्था. सर घास झाले होते. ते चावले गेले, अन्ननलिकेतून घसरले, जठरात घुसळले गेले, लहान आतड्याची वळणं घेत सतरंजीवर सरपटले. आतडं संपत आलं तेवढ्यात त्यांनी पोटाची उजवी बाजू धरली, "आई वं!" म्हणून ते दुमडले आणि पडद्यावर फक्त छताचा पंखा दिसू लागला.

"वा सर! जिवंत सादरीकरण!" परिषद चालवणारे केंद्रप्रमुख म्हणाले.

एका मॅडमनी विचारलं, "सर, याला साहित्य काय काय लागतं?"

उत्तरादाखल कण्हणं आलं. केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षकांना बोलावलं. पडद्यावर अपूर्णांकाची भाकरी आली, तरी खालून कण्हणं येतच होतं. मी गोंधळले. सर मोठ्या आतड्याचा सराव करत असतील का? असतील तर मधेच जाऊन काय म्हणायचं? शेवटी मी खाली गेले. सर घामाने भिजले होते.

"सर, हे... चालू आहे की संपलं?"

"मॅडम, हे मी नाही करून राह्यलो. हे आपोआप होऊन राह्यलं."

मी एकशे आठची गाडी बोलावली आणि बुलढाण्याच्या वाटेवर मंगेशना फोन लावला.

ते हसले. "मॅडम, तुम्ही नवीन आहात. परवा बाबा फोनवर कोरोनाचा विषाणू झाले होते. पाच मिनिटं थांबा, उठतील."

दवाखान्यात आधी नाकातोंडातून नमुना घेतला, मग सोनोग्राफी झाली. नखशिखांत झाकलेल्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतं?" सर लगेच कोपर टेकून उठू लागले.

"करून दाखवू नका. नुसतं सांगा."

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना शब्दच सापडेनात.

अपेंडिक्स सुजलं होतं. "एरवी लगेच काढलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण भूल देणारे डॉक्टर स्वतःच कोरोनाने पडून आहेत. सलाइनमधून औषधं देऊन पाहू. फुटलं तर मात्र जिवाशी गाठ आहे. नातेवाईक कोण?"

"मी भाडेकरू आहे," मी म्हटलं. ते चुकीचं वाटलं, पण दुसरं काही सुचलं नाही.

डॉक्टर स्वतः फोनवर बोलले, तेव्हा मंगेशचं हसणं थांबलं.

सरांची खाट खिडकीशी होती. मी बाहेरच्या व्हरांड्यात. औषधं लागू पडली, पोट उघडावं लागलं नाही, हे आता सांगता येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र कोणालाच काही ठाऊक नव्हतं. ताप उतरत नव्हता. तेवढ्यात माझ्या मोबाइलवर मंगेशचा व्हिडिओ कॉल आला.

"थांबा, उचलू नका," सर म्हणाले. त्यांनी केस सारखे केले, मास्क हनुवटीखाली घेतला, सुई टोचलेला हात चादरीखाली घातला. "सुनेचे दिवस भरले मॅडम. हा निघाला तर तिच्यापाशी कोण? आता धरा फोन. सलाइन दिसू देऊ नका."

मी गजांतून हात घालून फोन धरला. सर बसले, ताठ. "काय बे मंग्या! डॉक्टरले बी फसवलं का नाही? अरे, गॅस होता नुसता. संध्याकाळी घरी चाललो."

"बाबा, खरं सांगा."

"मले पाहून तुले वाटते का मी बिमार हाय म्हणून?" आणि सर हसले. ते हसणं इतकं खरं होतं की क्षणभर मीही घोटाळ्यात पडले. फोनच्या चौकटीखाली त्यांच्या दुसऱ्या हाताने खाटेची कड घट्ट धरली होती.

"मग मी नाही निघत," मंगेश म्हणाले.

फोन बंद झाला. सर हळूहळू आडवे झाले.

"मॅडम, तो खरंच निघून राह्यला होता काय?"

"हो सर. सकाळी मला फोन आला होता. प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, बॅगही भरली होती."

"बॅग भरली होती?"

"हो."

"तोच म्हणला तसं? का तुमी म्हणता?"

"तेच म्हणाले."

"बरं झालं, नाही येऊन राह्यला ते," सर म्हणाले. मग त्यांनी हनुवटीखालचा मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला आणि कितीतरी वेळ खाली घेतला नाही.