मेश्राम बाई आणि जिभेचा नियम

मेश्राम बाईंनी पहिल्याच भेटीत माझा कान धरला. शाळेत रुजू होऊन मला अर्धा तासही झाला नव्हता. मस्टरवर सही करायला वाकलो, तर मागून कुणीतरी माझ्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून खाली ओढली आणि समाधानाने म्हणालं, "सुटी आहे, गालाला चिकटलेली नाही. वडिलांची?"

मी चित्रकलेचा शिक्षक. माणसांचे कान काढायला शिकलो होतो, पण वडिलांच्या कानाकडे जन्मात पाहिलं नव्हतं. तसं सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "काऊन नाही पाहिलं? रोज शेजारी बसून जेवता ना?" त्या संध्याकाळी बदलापूरला घरी गेलो आणि जेवताना वडिलांच्या कानाकडे टक लावून बसलो. वडिलांना वाटलं, मला लग्नाचं बोलायचंय. ते लाजून उठून गेले.

मेश्राम बाई अंबरनाथच्या आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. वडील इकडे कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा त्या आल्या, वडील गेले तरी इथेच राहिल्या. बुवापाड्यात दोन खोल्या, त्यात त्या एकट्या. उंच, सडसडीत, खांद्याला शबनम पिशवी, शबनममध्ये भिंग आणि टॉर्च. टॉर्च कशाला, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की तो तोंडात पडायचा आणि "आ करा" असा हुकूम यायचा.

शिपायापासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत त्यांनी सगळ्यांचे कान, अंगठे आणि खळ्या तपासल्या होत्या. पण "रक्तातच आहे" हे शब्द त्यांच्यासमोर काढले की संपलं. आमच्या गणिताच्या सरांनी एकदा बारवी धरणाकडच्या आदिवासी पाड्यावरून येणाऱ्या मुलांबद्दल सहज म्हटलं, "त्यांच्या रक्तातच गणित नाही हो." बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "रक्तात पाणी असते, मीठ असते, साखर असते," त्या म्हणाल्या. "गणित कोणाच्याच रक्तात नसते. तुमच्याही नाही. म्हणून तर गाईड उघडून शिकवता." सर महिनाभर स्टाफरूममध्ये चहाला आले नाहीत.

वर्गात त्या कशा शिकवत, हे मी खिडकीतून कैकदा ऐकलंय. "तुझ्या नाकाच्या पेशीत दात कसे करायचे तेही लिहिलंय. सगळ्या पेशींत सगळंच लिहिलंय. मग नाकात दात काऊन नाही आले?" पोरं नाकं चाचपत. "कारण नाकात ते पान उघडतच नाही. जीन असणं वेगळं, जीन बोलणं वेगळं!" हे वाक्य त्या कुठेही वापरत. स्टाफरूमचा पंखा फिरत नसला की म्हणत, "जीन आहे, बोलत नाही." हेडसरांच्या हिमतीबद्दलही त्यांचं हेच मत होतं.

माझ्याकडून त्यांनी डीएनएचा पिळाचा जिना चार वेळा काढून घेतला. पहिल्या तिन्ही वेळी मी पीळ डावीकडून घेतला. मला वाटलं, जिना तो जिना, कुठूनही चढा. बाईंनी शबनममधून एक स्क्रू काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हा घट्ट होतो त्या बाजूने. पीळ उलटा काढला तर ती सजीवांची नाही, तुमची कलाकृती झाली." चौथा तक्ता त्यांनी स्वीकारला, पण शाबासकी दिली नाही.

दरवर्षी जुलैत त्या नववीला घरचा तक्ता करायला लावत. आई, वडील, आजी, आजोबा, भावंडं. प्रत्येकाच्या कानाची पाळी, अंगठा, खळी आणि जीभ. काहींना जिभेच्या कडा वर वळवून नळी करता येते, काहींना नाही. नियम असा, की आईवडील दोघांनाही येत नसेल तर मुलालाही यायची नाही. त्या आठवड्यात अर्धं अंबरनाथ आरशासमोर जीभ काढून उभं असायचं. एका विद्यार्थिनीने बहिणीला बघायला आलेल्या मुलालाही जीभ काढायला लावली. त्याची वळली नाही. लग्न मात्र झालं.

त्या वर्षी प्राचीने तक्ता आणला. प्राची म्हणजे बुवापाड्यातलीच, वडील मोहन एमआयडीसीत फिटर, आई सुनंदा चामटोलीची. पोरीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: आई, नाही. बाबा, नाही. मी, हो. बाईंनी लाल शाईने शेरा मारला, "हे शक्य नाही. नीट पाहून पुन्हा लिही." खाली सही आणि हौसेने शाळेचा शिक्काही.

प्राचीने नीट पाहून पुन्हा तेच लिहिलं. मग तो कागद तिच्या मोठ्या काकांच्या हाती लागला. प्राचीचा जन्म झाल्यापासून तिची आजी "पोर कोणावर गेली कोण जाणे" असं पुटपुटत होती, आता त्या पुटपुटण्याला शाळेचा शिक्का मिळाला. त्यांनी कागद लॅमिनेट करून घेतला. पंधरा दिवसांत सुनंदा माहेरी चामटोलीला पोहोचली आणि काका शाळेत आले. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिवलंय शक्य नाय. तेवढं लेटरहेडवर द्या, वकिलाला लागंल."

हेडसर घामाघूम झाले. काका गेल्यावर ते बाईंना म्हणाले, "मुलीने तक्ता चुकीचा भरला, असं सांगून टाका. विषय संपला."

"म्हणजे मुलगी खोटी?" बाई म्हणाल्या.

"अहो, कुणीतरी खोटं ठरायलाच हवं ना!"

बाई उठून माझ्या चित्रकलेच्या खोलीत येऊन बसल्या. मी समजूत घालायला म्हटलं, "चूक होते बाई कुणाचीही." त्या एकदम उसळल्या. "चूक नाही, लपवाछपवी! मला सहा वर्षांपासून माहीत आहे हा नियम पक्का नाही ते." मग त्यांनी सांगितलं. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात लेस आणि बटणांचं एक दुकान होतं. मालक रामू आणि लछू, जुळे सिंधी भाऊ. एका बीजाचे, अगदी हुबेहूब. गिऱ्हाईकं त्यांना शर्टाच्या रंगावरून ओळखत. बाईंनी सवयीप्रमाणे दोघांना जीभ काढायला लावली होती. रामूची वळली. लछूची हूं की चूं नाही.

"जीन दोघांचे सारखे. मग जीभ वेगळी काऊन? म्हणजे हे काम एकट्या जीनचं नाही, आणि सोपं तर मुळीच नाही. पुस्तकाने सोपं करून लिहिलं आणि मी सोपं म्हणून शिकवलं. ते दोघं माझ्या तक्त्यात बसत नव्हते, म्हणून मी त्यांना सोडून दिलं." एवढं बोलून त्यांनी शबनम उचलली. "रविवारी चामटोलीला बैठक आहे. तुम्ही येणार माझ्यासोबत. आणि ते दोघेही."

रामू-लछूला राजी करणं सोपं नव्हतं. रविवारी त्यांचा धंदा जोरात. रामू म्हणाला, "साईं, दुकान बंद करके मैं गाव में जीभ दिखाने जाऊँ? लोग क्या बोलेंगे?" बाईंनी सगळी हकीकत सांगितली. लछू मोजपट्टी गुंडाळता गुंडाळता थांबला आणि भावाला म्हणाला, "चल. औरत की इज्जत का सवाल है, बटन कल भी बिकेंगे."

अशी आमची वरात बदलापूरहून टमटममध्ये निघाली. पुढे ड्रायव्हरला चिकटून मी, मागे बाई, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना एकाच चेहऱ्याचे दोन शेठ. ड्रायव्हर आरशात बघून दोनदा खड्ड्यात गेला.

चामटोलीत सुनंदाच्या वडिलांच्या पडवीत सतरंजी टाकलेली. एका बाजूला मोहन मान खाली घालून आणि त्याचे मोठे भाऊ मान वर करून बसलेले. समोर सुनंदाचे वडील, चुलते, गावातले चार जाणते. सुनंदा दारात उभी. भाऊंनी लॅमिनेट केलेला कागद मधोमध ठेवला होता, कोर्टात पुरावा ठेवतात तसा.

"जयभीम," बाई म्हणाल्या आणि सरळ उभ्या राहिल्या. "लाल शाईत लिहिलंय ते मी लिहिलंय आणि ते साफ चूक आहे. बारा वर्षं मी पोरांना हे चुकीचं शिकवत आले. रामूशेठ, लछूशेठ, दाखवा."

दोन शेठांनी भर सभेत जिभा काढल्या. एक नळीसारखी वळली, दुसरी फळीसारखी सपाट राहिली. लछूने प्रामाणिकपणे बोटांनी कडा वळवायचाही प्रयत्न केला. पडवीत एकदम हशा पिकला, आणि मग जमलेला प्रत्येक माणूस आपापली जीभ काढून बघू लागला. सुनंदाच्या एका चुलत्याची तर आयुष्यात पहिल्यांदाच वळली.

"एका आईचे, एका बापाचे, एका वेळचे," बाई म्हणाल्या. "त्यांच्यात हा फरक पडतो, तर प्राचीत काऊन पडणार नाही?"

सुनंदाच्या वडिलांनी डोळे पुसले. "मी सांगत होतो, आमची पोर खोटं बोलनारी नाय."

बाईंनी कागदावर "चूक माझी" असं लिहायला लाल पेन काढलं. लॅमिनेशनवर पेन उठेना. फाडायला गेल्या, फाटेना. दातांनीही झालं नाही. "कोयता आणा," त्या म्हणाल्या. आणला. ओट्यावर ठेवून त्यांनी त्या कागदाचे खटाखट चार तुकडे केले. मोठ्या भाऊंनी पाय आवरून घेतले.

मला वाटलं, जिंकलो. पण दारातून सुनंदा म्हणाली, "बाई, तुमचे उपकार आहेत. पन एक सांगा. ह्या शेठांची जीभ सारखी निघाली असती तर?"

लछूने उघडं तोंड मिटून घेतलं.

"उद्या तुमचा दुसरा नियम निघंल. कानाचा, अंगठ्याचा. दर वेळी मी जुळे शोधत फिरू काय? पंधरा वर्सं मी ह्या मानसाच्या घरात ऱ्हायले. मी सांगितलं व्हतं, पोर तुमचीच हाय. माझं तोंड पुरं पडलं नाय, ह्या दोघांची जीभ लागली!"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कोयता खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. तू सांगितलंस तेवढं पुरे होतं. ते मी आल्याबरोबर म्हणायला हवं होतं." मग मोहनकडे वळून, "आता तुम्ही बोला. भाऊ नाही, तुम्ही."

मोहनला बोलायला जड गेलं, पण त्याने हात जोडले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी चूक झाली, सुनंदा." ती लगेच निघाली नाही. "प्राचीला घेऊन या, मग बघू," म्हणाली. दोन दिवसांनी ती घरी आली, मोहन आणि प्राची दोघं मिळून न्यायला गेले तेव्हा.

परतताना रामू-लछू टमटममध्ये डुलक्या घेत होते. या वेळी मी मागे बसलो होतो. बाईंनी शबनम मांडीवर घेतली. मग समोर बघतच म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण चौदाव्या वर्षी गेली, सर. सिकलसेल. तांबड्या पेशी वाकड्या होतात, नसांत अडकतात, हाडं ठणकतात. रात्र रात्र ओरडायची. मी ठणठणीत, पण तो दोष माझ्यातही आहे, नुसता वाहक म्हणून. पुढे माझं लग्न ठरलं. मीच हट्टाने त्यांचं रक्त तपासायला लावलं. तेही वाहक निघाले. दोघं वाहक असले की दर बाळंतपणात मुलाला तोच आजार व्हायची चारात एक भीती."

"मग तुम्ही नाही म्हणालात?"

"मीच नाही म्हणाले. ते म्हणत होते, मूलच नको, आपण दोघं राहू. मी म्हटलं, आज म्हणता, उद्या तुमची आई रडेल, परवा तुम्ही बदलाल. हिशोब खरा होता, सर. बहिणीचं ओरडणंही खरं होतं. पण माणूस जे तोंडाने सांगत होता ते मी खोटं धरलं. बावीस वर्षं झाली. भंडाऱ्याला शाळेतच शिकवतात. बदलले नाहीत. एकटेच आहेत."

 मला बाईंचं इतकं वाईट वाटलं, की मी उगाच रामूशेठची घसरणारी मान सरळ केली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "एका माणसाला खोटं ठरवलं होतं, ते दुरुस्त करण्यासाठी." हेडसर म्हणाले, "असं कारण रजेच्या नियमांत नाही. आजारपण लिहा."

"मी आजारी नाही."

"अहो, पण नियम..."

"नियमांचं मला सांगू नका," बाई म्हणाल्या आणि अर्ज तसाच ठेवून निघून गेल्या.

सहाव्या दिवशी परत आल्या. मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या. मी विचारलं, "भेटले?"

"भेटले. दारातच सांगून टाकलं, तुम्ही तेव्हा म्हणाला होता ते खरं होतं, मी मानलं नाही. ते हसले. म्हणाले, सरोज, आता तू एक्कावन्न, मी चौपन्न. आता तर मुलाची भीतीही उरली नाही. आता कोणती अडचण आहे, तेवढी सांग."

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार? अडचण उरलीच नव्हती. मला सरोज म्हणणारं कोणी राहिलंय, हेच मी विसरले होते." एवढं बोलल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाहेर व्हरांड्यातून पोरांचा लोंढा चालला होता. मी वेड्यासारखा बघत उभा.

"काय बघून राहिले?" मेश्राम बाई पदराआडून ओरडल्या. "दार लावा!"

मी दार लावलं आणि बाहेर, दाराला पाठ लावून, घंटा होईपर्यंत उभा राहिलो.