बाहेरचं खाणारं इंजिन

श्रीधर आगाशे यांची गाडी चालताना उत्तम चालायची. फक्त थांबली की बंद पडायची. पुण्यात सिग्नलला थांबणं ऐच्छिक असल्यामुळे हा दोष बरेच दिवस कोणाच्या लक्षात आला नाही. लक्षात आला तेव्हा त्यांच्या पत्नी सुहासिनीबाईंनी गाडी विकायची ठरवली. सोसायटीत कार्बोरेटरवाली तेवढी एकच गाडी होती, आणि ती राहावी असं वाटणारे सभासदही एकच.

आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या श्रीधरपंतांना दोष सापडत नव्हता असं मुळीच नाही. पण आता तो दोष हाच गाडीचा आधार होता. गिऱ्हाईक आलं की ते स्वतः चावी फिरवत. इंजिन सुरू होई, थरथरे, दोन आचके देई आणि शांत होई. "वय झालं हो," असं जड आवाजात सांगून श्रीधरपंत वर येत आणि चहा मागत. चहा मागतानाचा आवाज मात्र जड नसे.

रविवारी हिंजवडीहून तेजस नावाचा तरुण येणार होता. तो निघण्यापूर्वी सुहासिनीबाई त्याच्याशी फोनवर बराच वेळ बोलल्या. पत्ता सांगत होते, म्हणाल्या. पुण्यातला पत्ता, वेळ लागायचाच.

तेजसने बॉनेट उघडून आत पाहिलं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नीट, सोडला की बंद.

"कार्बोरेटर गेलाय काका. अख्खा बदलावा लागेल."

"असेल," श्रीधरपंत म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना बरंच सोसावं लागलं.

"किंवा बॅटरी वीक असेल."

श्रीधरपंतांनी वरच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"नाहीतर सायलेन्सरमधून हवा आत जात असणार."

"सायलेन्सरमधून हवा बाहेर जाते," श्रीधरपंत म्हणाले. "आत घ्यायला ते काय नाक आहे?"

आणि मग ते थांबले नाहीत. हवा आत शिरतेय हे खरं, पण भलतीकडून, हे त्यांनी सांगितलं. कार्बोरेटर बिचारा पेट्रोल आणि हवा मोजून डबा भरून देतोय. पण कुठेतरी चीर पडलीय आणि इंजिन बाहेरचं खातंय. वेगात असताना एवढ्यातेवढ्याने फरक पडत नाही. संथ चालताना खुराक मुळात कमी, त्यात नुसती हवाच जास्त झाली की पोट बिघडतं.

"असं कसं कळणार पण?" तेजसने विचारलं, आणि चेहऱ्यावर शंका तशीच ठेवली.

ती शंका श्रीधरपंतांना बघवेना. त्यांनी डिकीतून कार्बोरेटर साफ करायच्या स्प्रेचा डबा काढला. चोक थोडा ओढून इंजिन कसंबसं चालू ठेवलं आणि एकेका सांध्यावर थोडा थोडा फवारा मारत गेले. काही नाही. मग इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळीच्या टोकाशी फवारा गेला, आत ओढला गेला आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलला.

"इथे," ते म्हणाले. पस्तीस वर्षांत एकाही वर्गाने इतकं मन लावून त्यांचं ऐकलं नव्हतं.

नळीचं टोक चिरलेलं होतं. त्यांनी तेवढं कापलं, नळी पुन्हा घट्ट बसवली, स्क्रू फिरवून वेग जुळवला आणि चोक आत ढकलला. गाडी उभ्या जागी गुरगुरत राहिली, जेवून पडलेल्या मांजरासारखी.

"घेतली," तेजस म्हणाला.

श्रीधरपंतांचा हात बॉनेटवरच राहिला.

तेजसने गेटपाशी गाडी थांबवली. ती बंद पडली नाही. काच खाली करून तो खाली आलेल्या सुहासिनीबाईंना म्हणाला, "काकू, तुम्ही म्हणालात तस्संच झालं."

"काय म्हणाली होतीस?" श्रीधरपंतांनी विचारलं.

"एवढंच, की दुरुस्त करा म्हटलं तर आमच्याकडे काही होत नाही. चुकीचं बोललं की लगेच होतं."

त्या दिवशी श्रीधरपंतांनी चहाही मागितला नाही. संध्याकाळी सुहासिनीबाई स्वयंपाकघरातून, भिंतीशी बोलावं तसं, म्हणाल्या, "नळ गळतोय. गच्चीवरच्या टाकीलाच भोक पडलं असणार."

हा सापळा आहे हे श्रीधरपंतांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला आणि एक अख्खा अग्रलेख वाचून काढला. मग उठून पान्हा शोधायला लागले.

"टाकीला भोक म्हणे," ते पुटपुटले. "वॉशर आहे तो."